सेकंदाला फक्त सहा

आमच्या कंपनीत आयटी डिपार्टमेंट म्हणजे दोन माणसं, साहेब आणि मी. कंपनी कुरुळीच्या हद्दीत आहे, गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवते. मी पिंपळे गुरवहून कंपनीच्या बसनं येते आणि दिवसभर संगणक, प्रिंटर आणि डेटाबेस या तिघांची समजूत काढत बसते. साहेब मूळचे मेंटेनन्सचे. वीस वर्षं प्रेस मशीनखाली झोपून त्यांनी नट आवळले, मग कंबर गेली, तेव्हा त्यांना खुर्चीचं काम म्हणून आयटीत आणलं. माणूस मनानं फार चांगला. फक्त मोठा आकडा दिसला की त्यांना राहवत नसे. प्रेस मशीन किती टनांची आहे ते ते पाहुण्यांना असं सांगत, जणू घरच्या बैलाचं वजन सांगतायत.

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं हजेरीची नवी पद्धत आणायचं ठरवलं. गेटवर तीन मशीन बसवायची, कामगारानं कार्ड दाखवलं की त्याच क्षणी आतल्या सर्व्हरवर नोंद व्हायची, आणि त्याच कार्डावर दुपारी कॅन्टीनमध्ये जेवणाचं कूपन निघायचं. त्यासाठी नवा सर्व्हर आला. चालू करायच्या आधी तो किती ताण सोसतो ते बघा, असं साहेबांनी मला सांगितलं.

याला लोड टेस्ट म्हणतात. त्यासाठी एक प्रोग्रॅम असतो. तो स्वतःच शंभर-दोनशे माणसांचं सोंग घेतो आणि डेटाबेसवर खोट्या नोंदींचा मारा करतो. मी आमच्या हजेरीसारख्याच नोंदी त्याला शिकवल्या, नंतर ओळखून पुसता याव्यात म्हणून खोट्या कार्डांचे नंबर वेगळे ठेवले, आणि एका रविवारी रिकाम्या कंपनीत बसून तो पूर्ण वेगानं सोडला. पंधरा मिनिटांनी आकडा आला. सेकंदाला अकरा हजार नोंदी.

मी साहेबांना घरी फोन केला. ते म्हणाले, परत सांगा. मी परत सांगितलं. मग त्यांनी तो आकडा पडद्यावर दिसतोय असा फोटो मागवला. सोमवारी सकाळी मी आले तेव्हा गेटवर सूचना लागलेली होती, की आपल्या नव्या यंत्रणेची क्षमता सेकंदाला अकरा हजार असून कामगार बंधू-भगिनींनी निश्चिंत असावे. आमच्या कंपनीत तिन्ही शिफ्ट धरून सगळी मिळून माणसं अकराशेच्या आसपास. म्हणजे एका सेकंदात आम्ही सगळ्यांना दहा वेळा आत घेऊ शकत होतो. हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही. अभिमानच वाटला.

पुढच्या सोमवारी पहिल्या शिफ्टला यंत्रणा चालू झाली. साहेबांनी मशीनला हार घातला, नारळ फोडला, आणि खोबऱ्याचे तुकडे वाटायला मला उभं केलं. पहिली बस आली. पंधरा-वीस जण टीं-टीं करत आत गेले. मग मशीनवर एक गोल चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. माणसं कार्ड परत दाखवायला लागली. कुणी दोनदा, कुणी पाचदा, एकानं कार्ड शर्टाला पुसून दाखवलं. थोड्या वेळानं मशीन सुटलं, चार-दोन जण गेले, आणि परत चक्र. बराच वेळ उत्तर आलं नाही की मशीन आपसूक बंद पडून पुन्हा चालू व्हायचं, त्यात आणखी वेळ जायचा. तोवर दुसरी बस आली, तिसरी आली. रांग चहाच्या टपरीपर्यंत गेली, टपरीला वळसा घालून रस्त्याला लागली. माझ्या ताटातलं खोबरं केव्हाच संपलं होतं, तरी मी ताट धरून उभी होते, कारण ते ठेवून काय करायचं ते सुचत नव्हतं.

गेटवर आमचे सुपरवायझर काका असतात. कुरुळीच्या जुन्या घरातले. कंपनी उभी आहे त्यातला बराच तुकडा एके काळी त्यांच्या भावकीचा होता, त्यामुळे ते गेट सांभाळत नाहीत, बांध सांभाळतात असं वाटतं. त्यांनी रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, बाजूचं छोटं फाटक उघडलं आणि जुनं रजिस्टर टेबलावर आपटलं. माणसं भराभर नाव सांगून आत जायला लागली. सगळ्यांच्या नावापुढे त्यांनी सरसकट सात वाजले असंच लिहिलं. पाऊण तासात गेट मोकळं झालं. मग ते सूचनेच्या फळ्यासमोर उभे राहिले, चष्मा लावून तो कागद वाचला आणि माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले,

“ताई, अकरा हजार न्हाई, अकराच घ्या. पन टायमाला घ्या.”

साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. मीही कारण शोधत राहिले, पण दिवसभर सर्व्हर चांगला वागत होता. साहेबांचं म्हणणं पडलं की टेस्ट पुन्हा करा, जोरात करा, कुठे तुटतंय ते कळेल. मलाही तेच बरोबर वाटलं. बुधवारी दुपारी, शिफ्ट सुरू होऊन कैक तास झालेत, गेटवर कुणी नाही असं बघून मी प्रोग्रॅम पुन्हा पूर्ण वेगानं सोडला.

गेटवर कुणी नव्हतं हे खरं. पण कॅन्टीनमध्ये होतं. कूपनचं मशीन त्याच सर्व्हरवर चालतं हे मी विसरले. माझ्या दोनशे खोट्या माणसांनी सर्व्हरचा असा ताबा घेतला की खऱ्या माणसांचं एक कूपन निघेना. आणि बुधवारी आमच्याकडे पुरी-भाजी असते.

दहा मिनिटांनी आमच्या खोलीचं दार उघडलं. कॅन्टीनच्या मावशी. त्या परभणीकडच्या, उंचीनं माझ्या खांद्याला लागतील, पण तीनशे माणसांचं जेवण हाताखालून काढतात. हातात ताटली, तिच्यात एक पुरी. त्यांनी ती माझ्या कीबोर्डशेजारी ठेवली. पुरी चपटी होऊन गार पडली होती. माणसं रांगेत ताटकळलीत, कूपन नाही म्हणून वाढता येत नाही, आणि फुगलेल्या पुऱ्या एकेक करून बसतायत, असं त्यांनी सांगितलं आणि हे कुणामुळे झालं ते विचारलं. साहेब घाईनं म्हणाले, मावशी, टेस्ट चालू आहे.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

“टेस्ट आमी बी घेतो, मॅडम. चमच्यानं घेतो. पातेलं तोंडाला लावत न्हाई.”

मी टेस्ट थांबवली. मावशी ताटली न घेता गेल्या. ती पुरी मी खाल्ली, कारण टाकून देणं बरं दिसलं नसतं.

त्या दुपारी मी पहिल्यांदा त्या प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका नीट वाचली. त्यात एक सोय होती, जिच्याकडे मी आधी पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. सेकंदाला जास्तीत जास्त किती नोंदी पाठवायच्या ती मर्यादा आपण घालून द्यायची. मला वाटायचं, ताणच बघायचा तर हात आखडता कशाला घ्यायचा? आता वाचताना कानशिलं तापली. मर्यादा नसली की खोटा माणूस नोंद पाठवतो, उत्तर येईपर्यंत गप्प उभा राहतो, आणि उत्तर आलं की मगच पुढची पाठवतो. म्हणजे सर्व्हर वीस सेकंद अडला तर ही दोनशे माणसंही वीस सेकंद हाताची घडी घालून थांबतात. त्यांच्या मागे रांग वाढत नाही. हिशेबात दोनशे नोंदी उशिरा दिसतात, आणि लाखो वेगवान नोंदींच्या सरासरीत त्या विरघळून जातात. खऱ्या गेटवर असं सौजन्य कुणी दाखवत नाही. मशीन अडलं म्हणून काळेवाडीची बस वाटेत थांबत नाही.

मर्यादा घातली की प्रोग्रॅम आधी वेळापत्रक आखतो. ही नोंद या क्षणी निघायला हवी, ती त्या क्षणी. सर्व्हर अडला तरी घड्याळ ठरल्या क्षणापासूनच धावतं, आणि नोंद ठरल्या वेळेपेक्षा किती मागे पडली ते वेगळ्या रकान्यात येतं. वेळापत्रकही एकसारखं टिक-टिक नसतं. मधे पोकळी, मधे घोळका, माणसं येतात तसं.

प्रश्न राहिला की मर्यादा किती ठेवायची. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, अकरा हजारच ठेवा, कमी कशाला? मी वही घेतली आणि दुसऱ्या दिवशी साडेतीनच्या शिफ्टला गेटवर काकांशेजारी खुर्ची टाकून बसले.

काकांना मोजायचंय म्हटल्यावर ते खूश झाले. त्यांच्या डोक्यात सगळं तयारच होतं. आधी लांबच्या बसा येतात, तळेगावची, मग काळेवाडीची, मग पिंपरीची. एकेक बस म्हणजे एकेक लोंढा, मग तीन-चार मिनिटं शुकशुकाट. आणि अगदी शेवटच्या दोन मिनिटांत कुरुळीची माणसं येतात, जी चालत पाच मिनिटांवर राहतात. मला हसू आलं. काका म्हणाले, लांबचा मानूस भिऊन लवकर येतो, जवळच्याला भ्याव नसतं. हे त्यांनी स्वतःच्या गावाबद्दल सांगितलं आणि सांगताना थोडा अभिमानही होता.

मी लोंढ्याच्या वेळी सेकंद मोजले. तीन मशीन, अडलेली नसताना प्रत्येकावर दीड-दोन सेकंदाला एक माणूस. टीं ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा कार्ड दाखवणारे धरून, कॅन्टीन धरून, वर बरंच सढळ हातानं घेऊन मी वहीत आकडा लिहिला. सहा.

काकांनी वहीत डोकावून पाहिलं. “सहाच? मग येवढं थोरलं मशीन कशाला आनलं?” हा प्रश्न मलाही पडला होता, पण तो माझ्या पगाराच्या वरचा होता.

शुक्रवारी भर दिवसा, सगळं चालू असताना, मी सेकंदाला सहाची मर्यादा घालून टेस्ट सोडली. अर्धा तास कुणाला पत्ता लागणार नाही अशी माझी खात्री होती. कॅन्टीनमध्ये जाऊन पाहिलं, कूपनं निघत होती, मावशी भात वाढत होत्या. त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं, मी मान हलवली. परत येऊन पडद्यासमोर बसले. नोंदी सरळ चालल्या होत्या, मागे पडण्याच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य. मग अचानक चार सेकंद. नऊ. पंधरा. वीस. आणि परत शून्य. मी पाणी प्यायले. थोड्या वेळानं पुन्हा तेच. चार, नऊ, पंधरा, वीस, शून्य. घड्याळ लावून बघितलं तर बरोबर दर मिनिटाला. अकरा हजारांच्या गोंगाटात जे ऐकूच आलं नव्हतं, ते सहाच्या शांततेत स्पष्ट दिसत होतं.

दर मिनिटाला काय होतंय याचा विचार करत होते तेवढ्यात साहेबांचा फोन आला. ते मीटिंग रूममध्ये होते आणि दबक्या आवाजात बोलत होते.

“मॅडम, टीव्हीवर आज हजेरी चार हजार दाखवतंय.”

मीटिंग रूममध्ये साहेबांचा टीव्ही आहे. त्यावर आज किती माणसं आत आली ते थेट दिसतं. मी खोट्या कार्डांनी नोंदी पाठवत होते, टीव्ही त्याही इमानानं मोजत होता. प्लांट हेड आत यायच्या आधी काहीतरी करा, असं साहेब म्हणत होते. मी त्यांना विचारलं, आकडा कधी बदलतो? ते म्हणाले, दर मिनिटाला. बघा, आता चार हजार तीनशे झाला.

मी टेस्ट थांबवली, खोट्या नोंदी पुसल्या आणि टीव्हीमागची आज्ञावली उघडून पाहिली. आजची हजेरी काढायला ती कंपनी सुरू झाल्यापासूनच्या, रजिस्टरवरून संगणकात भरलेल्या सगळ्या नोंदी पहिल्यापासून चाळत होती. आणि मोजताना आकडा चुकू नये, मधेच कुणाची नोंद घुसू नये, म्हणून मोजून होईपर्यंत हजेरीच्या तक्त्याला कुलूप लावत होती. कुलूप असेपर्यंत गेटवरची मशीन ताटकळत होती. रविवारी टीव्ही बंद होता. बुधवारी माझ्या माऱ्यात तो स्वतःच गोठला होता, आणि गोठलेला आकडा कुणाच्या लक्षात येत नाही.

हे सापडल्याचा आनंद मला दोन मिनिटं टिकला. कारण तो टीव्ही साहेबांनी स्वतः केला होता. या कंपनीत संगणकावर त्यांनी आपल्या हातानं लिहिलेली ती एकच गोष्ट. वयाच्या पन्नाशीत, शनिवार-रविवार घरी बसून, व्हिडिओ बघून शिकले होते. पहिल्यांदा आकडा उमटला त्या दिवशी त्यांनी अख्ख्या ऑफिसला भेळ दिली होती.

सांगायचं कसं ते ठरवायच्या आतच प्लांट हेडनी आम्हाला बोलावलं. मी कागद नेला होता. साहेबांनी तो आधी पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. अकरा हजाराचं सहा झालं? काही बिघडवलंत का, असं त्यांनी मला हळूच विचारलं. मी म्हटलं, सर, मीच सहा पाठवतेय. ते म्हणाले, मग जास्त पाठवा ना, आत्ताच्या आत्ता पाठवा.

प्लांट हेडना कुठल्याच आकड्यात रस नव्हता. त्यांनी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, शेवटचा माणूस गेटवर किती वेळ उभा राहतो? मी सांगितलं, आत्ता फार वेळ. दर मिनिटाला एक जुनं काम चालतं, त्यात वीस सेकंद सगळं अडतं, मशीन पुन्हा चालू होण्यात आणखी जातात. ते काढलं की कुणी थांबणार नाही. ते म्हणाले, कुणाचं काम? मी म्हटलं, कुणाचं असं नाही, मागे लावलेलं आहे, मी बघते. साहेब माझ्याकडे बघत होते. मी कागदाकडे बघत राहिले.

बाहेर आल्यावर जिन्यात ते थांबले. कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरले आणि म्हणाले, “ते माझं आहे ना?”

मी हो म्हटलं.

“मोजताना माणसं घुसू नयेत म्हणून लावलं होतं हो मी.”

“सर, माणसं घुसायलाच तर गेट आहे,” मी म्हटलं. म्हटल्यावर वाटलं, जास्त बोलले. पण ते हसले. मोठ्यानं नाही, पण हसले.

कुलूप त्यांनी स्वतःच्या हातानं काढलं. मी नुसती शेजारी बसले. मोजणी फक्त आजच्या नोंदींपुरती केली, आणि टीव्ही दर मिनिटाऐवजी दर पंधरा मिनिटांनी आकडा विचारेल असं ठरवलं. मग त्यांनी मला टेस्ट लावायला सांगितली. सहावर लावली. मागे पडण्याच्या रकान्यात शून्याखाली शून्य येत होतं. साहेब अर्धा तास ते शून्य बघत बसले. मेंटेनन्समध्ये असताना ते नव्या बेअरिंगचा आवाज असाच ऐकत बसायचे, असं लोक सांगतात.

पण स्वभाव काही जात नाही. थोड्या वेळानं म्हणाले, दहा करून बघू. दहा केलं. शून्य. वीस. शून्य. पन्नास, शंभर, मग शंभराच्या उड्या. कॅन्टीन बंद झालंय ना ते मी दर उडीला फोन करून विचारत होते. नऊशेच्या पुढे मागे पडण्याचा आकडा चढायला लागला आणि चढतच राहिला, खाली येईना. मी सांगितलं, सर, अकरा हजार रिकाम्या रविवारचे होते, आज त्याच सर्व्हरवर सगळी कामं चालू आहेत. ही खरी हद्द. इथवर आलेल्या प्रत्येकाला आपण वेळेत आत घेतो, याच्या पुढे रांग लागते. साहेबांनी वहीत नऊशे लिहिलं आणि भोवती चौकट काढली. सूचना लावू का, असं विचारलं. मी नको म्हटलं. तरी त्यांनी एक लावलीच, पण तिच्यात आकडा नव्हता. कार्ड एकदाच दाखवावे, एवढंच.

सोमवारी गेट सुरळीत चाललं. बसा आल्या, टीं-टीं झालं, माणसं आत गेली. काकांनी रजिस्टर काखेत धरून ठेवलं होतं, ते त्यांना उघडायला मिळालं नाही, म्हणून जरा नाराज दिसले. कुणी माझं कौतुक केलं नाही. उलट गुरुवारी कुरुळीचे चार जण आमच्या खोलीत आले. रजिस्टरमध्ये सगळे सातला येत होते, आता मशीन सात वाजून चार मिनिटं, सात वाजून सहा मिनिटं असं लिहीत होतं. ताई, मशीन थोडं सावकाश करता येईल का, असं त्यांनी फार अदबीनं विचारलं. मी म्हटलं, मागच्या आठवड्यात होतं तसं?

पुढे काही महिन्यांनी आमच्याच मालकांच्या दुसऱ्या कारखान्यातून एक इंजिनीअर पाहणीला आला. तरणाबांड, हुशार. आमची क्षमता विचारली. मी नऊशे सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडे चौदा हजार येतं. मी साहेबांकडे पाहिलं, मला वाटलं आता यांचं रक्त खवळणार. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी सहज विचारलं, तुम्ही घड्याळ कधी सुरू करता, नोंद निघाली की निघायला हवी होती तेव्हा?

त्यानं वही उघडून प्रश्न लिहून घेतला. बघून सांगतो म्हणाला. घाई नाही, असं साहेब म्हणाले आणि आणखी एक चहा मागवला. मग त्यांनी त्याला मर्यादा कशी घालायची, वेळापत्रक कसं आखलं जातं, मागे पडणं कुठे दिसतं, हे सगळं फळ्यावर काढून समजावलं. एक-दोन ठिकाणी चुकले, मी दुरुस्त केलं नाही. जेवायची वेळ झाली तरी फळ्यासमोरून दोघं हलेनात, तेव्हा मी माझा डबा उघडला.